नेपाळला दहा दिवसांची मिशन ट्रिप: काढावी का, आणि काढायचीच तर कशी?

तरुणसंघ

सर्वांना सलाम. आमच्या कोल्हापूरच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाने ऑक्टोबरमध्ये नेपाळला मिशन ट्रिप काढायचा विचार केला आहे. बारा जण, दहा दिवस. तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यातल्या, एका छोट्या मंडळीशी ओळखीतून संपर्क झालाय. आराखडा असा: तीन दिवस मुलांचं शिबिर, एक दिवस वैद्यकीय शिबिर, त्यांच्या सभागृहाला रंग आणि दोन संध्याकाळी सभा. माणशी २५,००० धरून एकूण खर्च ३ लाख. पंच कमिटीत सरळ दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, ३ लाख तिकडंच पाठवा, बारा जणांनी जाऊन काय दिवे लावणार. दुसऱ्यांचं म्हणणं, पोरांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांच्यात मिशनची तळमळ येणार नाही. ज्यांनी अशा टीम नेल्यात किंवा आपल्याकडं उतरवून घेतल्यात त्यांनी लिहावं. साक्षी, म्हणजे श्रद्धेचे अनुभव नकोत, तपशील हवेत.

सीमापार

आधी दिवसांचा हिशोब करा. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई, कुर्ल्याहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून शंभरेक किलोमीटर रस्त्याने सीमेवरचं सोनौली. गाड्यांमधली थांबाथांब आणि उशीर धरून कोल्हापूर ते सीमा तीन दिवसच धरा. येताना तेवढेच. म्हणजे दहातले सहा गेले, उरले चार. या चार दिवसांत तुमच्या यादीतल्या चार कामांपैकी एकही नीट होत नाही. एक तर पंधरा दिवस काढा, नाहीतर लखनौ किंवा गोरखपूरपर्यंत विमान, नाहीतर कामं कमी करा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, तेव्हा बारा जणांची स्लीपर तिकिटं पहिल्या दिवशी सकाळी आठला काढायची तयारी ठेवा.

ऑक्टोबर म्हणताय तर दशैं, म्हणजे तिथला दसरा, कधी आहे ते आधी बघा. त्या पंधरवड्यात अख्खा नेपाळ घरी जातो, बसमध्ये जागा नसते, शाळा बंद असतात. मुलं मोकळी सापडतात हे खरं, पण यजमान मंडळीतले निम्मे लोक गावी गेलेले असतात. आणि उपासना तिथं शनिवारी भरते, रविवारी नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या टीमचं वेळापत्रक इथंच गडगडतं.

कागदपत्रं: भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मूळ ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्ड चालत नाही. पॅन, लायसन्स तर नाहीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातल्या कलम २६ मध्ये कुणाचं धर्मांतर घडवून आणायला बंदी आहे. २०१७ ची फौजदारी संहिता ऑगस्ट २०१८ पासून लागू आहे. तिच्या कलम १५८ नुसार धर्मांतर घडवणं, तसा प्रयत्न करणं किंवा त्या हेतूने प्रचार करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांच्या आत देशाबाहेर काढतात. आपण शेजारी, भाषा जवळची, म्हणून आपण परदेशी नाही असं कुणी समजू नये. आणि आपण दहा दिवसांनी परत येतो, पोलीस चौकीच्या चकरा तिथल्या पास्टरला माराव्या लागतात. म्हणून चौकात पत्रकं वाटणं, घरोघर जाणं, शाळेत गाणी शिकवणं, यातलं काहीही आपल्या डोक्याने करायचं नाही. मंडळीच्या आत, मंडळीच्या लोकांसाठी, यजमान सांगेल तेवढंच. शिबिराचे फोटो गावाच्या नावासकट फेसबुकवर टाकणं हाही यजमानाच्या गळ्यात फास असतो.

चंदगडी

बारा पोरं, ३ लाख, नि चार दिवस काम. ह्याला आमच्यात सहल म्हणत्यात की ओ. सहल काढा, काय वाईट न्हाई, पण तिला मिशन म्हणून मंडळीकडनं वर्गणी गोळा करू नका.

दुसरं. नोव्हेंबर लागला की मराठवाड्यातनं ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात येत्यात, मार्चपतोर फडावर ऱ्हात्यात. पोरांची शाळा बुडतीय. त्यांची भाषा आपली, व्हिसा नको, सोनौली नको, एष्टीनं जाऊन रातच्याला घरी. तिथं पाच म्हैनं दर शनिवारी जायला तरुण संघातलं किती जण तयार हायत, ते आधी इचारा. मग नेपाळचं बघू.

तरुणसंघ

चंदगडी दादा, मुद्दा पोचला. पण “आधी इथलं संपवा, मग बाहेर” हा नियम लावला असता तर कोल्हापुरात मिशन आलंच नसतं.

जुनी_दप्तरे

तो दाखला देताय म्हणून लिहितो. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले ते मराठी शिकूनच, आधी अहमदनगरला काम केलेले. मिशनरी डॉक्टर वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, मिरजेचे रुग्णालय १८९४ चे, वैद्यकीय शाळा १८९७ ची, आणि ते परत गेले १९२८ च्या सुमारास. आपल्याकडे जे टिकले ते असे वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसांचे. कोल्हापूरच्या उदाहरणावरून दहा दिवसांच्या ट्रिपेचे समर्थन होत नाही.

उलट अल्पकालीन दौऱ्याचा एक दाखला आपल्याच इतिहासात आहे, आणि तो सावध करणारा आहे. वाइल्डरांना पाठवणारी मिशन संस्था म्हणजे अमेरिकन बोर्ड, तिचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतातल्या मिशन केंद्रांच्या पाहणीसाठी आले. काही महिन्यांच्या त्या दौऱ्यात धोरण ठरले की इंग्रजी शाळांवरचा भर कमी करून देशी भाषेतल्या उपदेशाकडे वळावे. वाइल्डर शाळांच्या बाजूचे होते. त्यांचे आणि बोर्डाचे बिनसले ते कायमचेच. शेवटी १८७० मध्ये कोल्हापूर मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. गंमत अशी की याच अँडरसन यांचे मुख्य तत्त्व होते स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः करणारी, स्वतःच्या पैशावर चालणारी आणि स्वतः सुवार्ता पसरवणारी असावी. तत्त्व उत्तम, पण निर्णय बोस्टनहून आलेल्या पाहुण्याचा.

आता तुमच्या बाजूचेही सांगतो. वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट, जन्म कोल्हापूर, १८६३. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे महिनाभराचे शिबिर झाले. तिथे त्याच्या खटपटीने शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनसाठी नावे दिली आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट उभी राहिली. म्हणजे थोड्या दिवसांच्या अनुभवाने आयुष्याची दिशा बदलते हे खरे. फक्त त्या महिन्याचा उपयोग जाणाऱ्यांची तयारी हा होता आणि त्यांनी तो तसाच सांगितला. तरुण संघाने हेच करावे. “आम्ही शिकायला जातोय” असे मंडळीला स्पष्ट सांगितले की अर्धा वाद मिटतो.

जमाखर्च

३ लाखांच्या मुद्द्यावर येतो. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच वादळानंतर उत्तर अमेरिकेतल्या टीमनी जाऊन घरं बांधली. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. टीमने बांधलेलं घर प्रवासखर्चासकट साधारण ३०,००० डॉलरला पडलं, तसंच घर स्थानिक संस्था २,००० डॉलरमध्ये बांधत होती. आणि परत गेल्यावर आपण मिशनला जास्त देतो असं सहभागी लोक सांगत होते, तशी मोठी वाढ नोंदींमध्ये दिसली नाही. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाचा २००५ च्या सुमाराचा अंदाज होता की अमेरिकेतून वर्षाला १६ लाख प्रौढ अशा ट्रिपांवर जात होते. एवढ्या पैशाचा हिशोब कुणीतरी मागणारच.

पण “मग पैसेच पाठवा” म्हणणाऱ्या पंचांनाही सांगा की ते वाटतं तितकं सोपं नाही.

मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर आयकरातली सूट ही भारतात खर्च झालेल्या उत्पन्नावर असते. न्यासाच्या खात्यातून नेपाळची तिकिटं किंवा तिथल्या सभागृहाचा रंग काढला, तर खास मंजुरीशिवाय तो खर्च सुटीत बसत नाही आणि ऑडिटला अडचण होते. तेव्हा ट्रिपेचा पैसा न्यासाच्या वहीत आणूच नका. जाणाऱ्याने आपला खर्च आपल्या खात्यातून करायचा. ज्याला मदत करायची त्याने त्या मुलाला व्यक्तिशः द्यावी, आणि त्यावर करसवलतीची (८०जी) पावती मागू नये.

नेपाळ प्रवासासाठी डॉलर काढायला परवानगीच नाही, तेव्हा कुणी एजंट देतो म्हणाला तरी घेऊ नका. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने शंभर आणि त्याखालच्या नोटा कितीही नेता येतात, त्यावरच्या नोटा एकूण २५,००० पर्यंत. नेपाळच्या बाजूने मोठ्या नोटांवरचे नियम बदलत आलेत, म्हणून शंभराचीच बंडलं न्यावीत. दर ठरलेला आहे: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. दुकानदार १५० ने धरायला बघतो. सीमेवरून बँकेतर्फे पाठवायचे असतील तर एनईएफटीवर चालणारी भारत-नेपाळ सुविधा आहे, व्यक्तीच्या खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत.

खर्चाचा तक्ता करताना एक रकाना लोक विसरतात: यजमानाचा खर्च. बारा जणांचं दहा वेळचं जेवण, गॅस, गाडी, पास्टरचा बुडालेला आठवडा. तो बोलून दाखवणार नाही. पोहोचायच्या आधी आकडा मागून घ्या आणि पहिल्याच दिवशी हातात द्या, निघताना पाकिटात घालून नव्हे. निघताना दिलेलं पाकीट ही बक्षिशी होते.

मिरज_रोड

वैद्यकीय शिबिराबद्दल. एक दिवसाचं शिबिर रद्द करा, निदान आता आखलंय त्या स्वरूपात तरी.

पहिलं कारण कायद्याचं. भारतातला एमबीबीएस असो की एमडी, नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घेतल्याशिवाय तिथं रुग्ण तपासता येत नाही. दुसरं, औषधांची खोकी घेऊन सोनौली ओलांडायची म्हणजे भन्सारवर, तिथल्या कस्टमला तेच नाव आहे, कागद दाखवावे लागतात. नमुन्याच्या गोळ्या आणि दवाखान्यांतून गोळा केलेली अर्धी पाकिटं तर मुळीच नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय की औषध पोहोचेल तेव्हा त्याची मुदत किमान एक वर्ष उरलेली असावी आणि लेबल तिथल्या लोकांना वाचता येणारं असावं.

तिसरं कारण खरं. शिबिरात काय होतं बघा. मावशी उन्हातून चालत येतात, रांगेत तास उभ्या राहतात, खुर्चीवर बसल्या की लगेच रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला जातो, तोही साडीच्या बाहीवरून. आकडा येतो १६०/९५. पाच मिनिटं टेकून बसवलं नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, हात हृदयाच्या उंचीला नाही, तर हा आकडा काही सांगत नाही. समजा खरोखर रक्तदाब आहे. मग अॅम्लोडिपिन ५ ची दहा गोळ्यांची पट्टी हातात पडते. अकराव्या दिवशी काय? रक्तदाबाचं औषध जन्मभराचं. दहा दिवसांनी गोळी संपते, डोकं दुखत नसतं, त्यामुळे “मी बरी झाले” असं त्या समजतात, आणि पुढच्या वेळी स्वास्थ्य चौकीवर जायचं टाळतात. शिबिराने त्यांचं नुकसानच केलं.

करता येण्यासारखं काय, तर जे एका भेटीत पूर्ण होतं ते. चाळिशीचा चष्मा हे उत्तम उदाहरण. +१ ते +३ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या नंबरचे तयार चष्मे, ४० सेंटीमीटरवर मजकूर धरून बघायचं. पंचेचाळीसच्या आसपास +१, पन्नाशीला दीड ते दोन, साठीनंतर अडीच ते तीन. कमीत कमी ज्या नंबरला सुईत दोरा ओवता येतो तो द्यायचा, जास्त नंबर दिला तर डोळे दुखतात आणि चष्मा फळीवर जातो. पण लांबचंही धूसर दिसतं म्हणणाऱ्याला चष्मा देऊन बोळवू नका, तो मोतीबिंदू असू शकतो, त्याचं नाव लिहून जवळच्या डोळ्यांच्या रुग्णालयाकडे पाठवायचं. चष्मे तिकडच्याच घाऊक बाजारात घ्या आणि उरलेले मंडळीकडे ठेवा. दोन स्थानिक महिलांना हे तपासणं अर्ध्या दिवसात शिकवता येतं, मग पुढच्या वेळी तुमची गरजच नाही.

तुमच्या टीमसाठी: टायफॉइडची लस जायच्या दोन आठवडे आधी तरी, पाणी उकळून. जुलाब लागले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. अँटिबायोटिक आपल्या मनाने नाही.

कुणी आफ्रिकेला नेणार असेल तर तिकडचा नियम वेगळा. युगांडा, केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात सहा दिवस विलगीकरणात ठेवतात, आणि लस घेतल्यापासून दहा दिवसांनीच कार्ड ग्राह्य धरतात. मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन दिलं असेल तर ते परतल्यावरही चार आठवडे घ्यायचं असतं. घरी आलो म्हणून बंद करणारेच नंतर तापाने पडतात.

संडेस्कूल_ताई

मुलांच्या शिबिराबद्दल दोन गोष्टी. भाषांतराचा वेळ धरा. चाळीस मिनिटांचा संदेश म्हणजे तुमच्या वाट्याला वीसच मिनिटं. वाक्य छोटं, एका वाक्यात एकच गोष्ट, मग थांबायचं. म्हणी, कोट्या, “बावनकशी” असले शब्द नकोत. दुभाष्या तिथं अडतो आणि स्वतःचंच काहीतरी सांगून मोकळा होतो. एकटा दुभाषी दीड तासाच्या वर ताजातवाना राहत नाही, दोघं ठेवा. तराईत हिंदी पुष्कळांना कळते, म्हणून आपली मुलं सरळ हिंदीत सुरू होतात. मोठ्यांना समजतं, पाच-सहा वर्षांची मुलं नुसती टाळ्या वाजवतात. नेपाळी देवनागरीतच लिहितात, तेव्हा पवित्र शास्त्रातलं वचन तुमची मुलं नेपाळीत वाचू शकतील. जायच्या आधी महिनाभर वाचायचा सराव करा. कोल्हापुरात हॉटेलांत आणि एमआयडीसीत नेपाळी कामगार आहेत, उच्चार त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. ओळखही होईल, आणि ती परतल्यावरही राहील.

तीन दिवसांच्या शिबिरापेक्षा तिथल्या संडे स्कूलच्या शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या. साहित्य तिथं मिळणारंच वापरायचं: वर्तमानपत्र, खडू, मक्याची कणसं. कोल्हापूरहून फ्लॅनेलबोर्ड (चित्रं चिकटवायचा कापडी फळा) आणि स्पीकर नेलात तर तुम्ही गेल्यावर शिक्षक म्हणतात, आमच्याकडं ते नाही, आम्हाला नाही जमणार.

आणि बालगृहाला भेट ठेवली असेल तर ती काढून टाका. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. ही गृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या जागीच जास्त दिसतात, ते उगाच नाही. पाहुणे येतात, देणगी देतात, म्हणून मुलं आणली जातात. शिवाय चार दिवस मांडीवर बसवून पाचव्या दिवशी निघून जाणारे दादा-ताई वर्षाला पंधरा वेळा भेटले तर त्या मुलाचं काय होत असेल? तुमच्या शिबिरातही नियम एकच: कोणीही मोठं माणूस एका मुलाबरोबर एकटं नाही, कायम दोघं, दार उघडं. मुलांचे चेहरे मोबाईलमध्ये नाहीत.

तरुणसंघ

ताई, बालगृह यादीत होतं, काढलं. वैद्यकीय शिबिरही कमिटीपुढे रद्द म्हणून ठेवतो. मग बारा जणांनी जाऊन करायचं काय? रंगाचं काम तरी ठीक ना? यजमानांनी स्वतः मागितलंय.

उद्यमनगर

मागितलंय की तुम्ही “रंग देऊ का” विचारल्यावर ते हो म्हणालेत? यात फरक आहे भावा. पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत तिथंही नाही.

रंगाचं सांगतो. पावसाळा संपून महिनाही झालेला नसतो, तराईत भिंती खालून ओल ओढत असतात. ओल्या भिंतीवर प्राइमर मारला की दोन-तीन महिन्यांत फुगे येतात, पापुद्रे सुटतात. नवं प्लास्टर असेल तर ते २८ दिवस पिकल्याशिवाय रंगच नको. खरवडणं, पुट्टी, वाळणं, घासणं, प्राइमर, पुन्हा वाळणं, दोन हात. तीन दिवसांत बारा नवख्यांनी हे केलं तर खिडकीच्या काचांवर रंग आणि फरशी घासायला आणखी दोन दिवस. गावातला रंगारी घरी बसलेला असतो ते वेगळंच. रंगाचे पैसे द्या, मजुरी त्याला मिळू द्या.

बारा जण नेऊ नका. हातात काम असलेले तीन-चार जण न्या आणि जास्त दिवस न्या. कोल्हापूरच्या पोरांना येतं काय? वायरिंग, मोटर वाइंडिंग, पंप, वेल्डिंग. तेच शिकवा, दोन तिथल्या पोरांना.

एक काम खोलात सांगतो, हातपंप. तराईत घरोघर उथळ बोअर आणि सहा नंबरचा हातपंप असतो. पाणी ओढत नाही, आधी वरून पाणी ओतावं लागतं, अशी तक्रार असली की बहुतेक वेळा चामड्याचा वाटीसारखा वॉशर गेलेला असतो. वरचे बोल्ट काढायचे, दांडा पिस्टनसकट वर, जुना वॉशर काढायचा. नवा वॉशर रात्रभर पाण्यात किंवा तेलात भिजवलेला पाहिजे, कोरडा बसवला तर कडेने फाटतो. वाटीचं तोंड वरच्या बाजूला. खालचा झडपेचा वॉशर त्याच वेळी बघा, त्यात खडा अडकला असेल तरी पाणी उतरतं. सिलिंडरच्या आतून बोट फिरवा, चर पडली असेल तर वॉशर महिन्याभरात पुन्हा जातो, आणि मग दोष तुमच्या शिकवण्याला येतो. एकूण अर्ध्या तासाचं काम.

पण यात शिकवायचं काय ते नीट समजून घ्या. वॉशर बदलणं दुसऱ्या पंपाला पोरगं शिकतं. अवघड आहे ते पुढचं: वॉशर कुठल्या दुकानात मिळतो, किती घेऊन ठेवायचे, ज्याचा पंप त्याने किती द्यायचे, पैसे कोण लिहून ठेवतो. हे ठरलं नाही तर तुम्ही दुरुस्त केलेले सगळे पंप वर्षाच्या आत होते तसे. गावातल्या सायकलवाल्याला किंवा हार्डवेअरवाल्याला यात ओढा, त्याच्या गल्ल्यात चार पैसे पडले तर तो वॉशर आणून ठेवतो.

आणि पंपाला हात लावायच्या आधी पाण्यात आर्सेनिक आहे का ते विचारा. तराईतल्या नवलपरासीकडं प्रमाण जास्त आहे. नेपाळची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १०. चव नाही, रंग नाही, वास नाही, उकळून जात नाही, उलट दाट होतं. तपासणी न झालेला पंप दुरुस्त करून पाणी सुरळीत करून द्यायचं म्हणजे विष सोयीचं करून द्यायचं.

वायरिंग करणार असाल तर सभागृहाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), एवढंच करा. साउंड सिस्टीम आणि इन्व्हर्टर नंतर. माइक हातात धरल्यावर झिणझिण्या येतात ही तक्रार अर्थिंगची असते, माइक बदलून जात नाही.

चंदगडी

उद्यमनगर, हे आत्ता कामाचं बोललास बघ. पण तीन-चार जण गेल्यावर राहिलेली आठ पोरं रुसत्यात त्याचं काय?

उद्यमनगर

त्यांना तुमच्या ऊसतोडीच्या फडावर पाठवा.

जमाखर्च

उलट बाजूही एकदा लिहून ठेवतो, कारण हा धागा वाचणाऱ्यांपैकी काही जण परदेशी टीम कोल्हापुरात उतरवतात. पर्यटक व्हिसावर आलेल्याला प्रवचन, प्रचार चालत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. उपासनेला बसणं वेगळं, व्यासपीठावर उभं राहणं वेगळं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच नातेवाइकाकडे ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय वंशाच्या नागरिकाचं कार्ड) असलं तरी मिशनरी कामासाठी खास परवानगी लागते. पाहुणा मंडळीच्या वसतिगृहात किंवा घरी उतरला तर २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. लोक हे हॉटेलवाल्याचं काम समजतात.

पैशाचं तर फार जपून. परदेशी पाहुण्याने इथंच एटीएममधून रुपये काढून दानपेटीत टाकले तरी ती परकीय देणगीच. एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी नसलेल्या मंडळीने ती घ्यायची नाही. नोंदणी असेल तर दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यायची. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. सोडून जाताना “हा लॅपटॉप मंडळीला ठेवा” म्हणतात, तोही यातच मोडतो. आपल्याला इथं किती सांभाळावं लागतं ते आठवलं तर नेपाळच्या पास्टरची अडचण लवकर कळते.

सीमापार

परतल्यानंतरचं कुणी लिहिलं नाही. ट्रिपेच्या आधी सहा आठवडे तयारी करतात आणि परतल्यावर एका रविवारी स्लाइड शो करून संपवतात. तीन महिन्यांनी यजमानाला फोन करून तीन प्रश्न विचारा: शिकवलेलं कोण वापरतंय, काय बंद पडलं, आमच्यामुळे काही त्रास झाला का. तिसऱ्याचं उत्तर पहिल्या फोनला मिळत नाही, ते दुभाष्याकडून कळतं. आणि पुढच्या वर्षी त्याच गावी जा. दर वर्षी नवा देश काढणाऱ्या टीमना कुठलीच मंडळी खरं बोलून दाखवत नाही.

उलट भेट ठेवा. त्यांच्यातले दोघं कोल्हापूरला आणा, आपल्या मंडळीत बोलू द्या, उद्यमनगर या आपल्या कारखान्यांच्या भागात पंधरा दिवस काम बघू द्या. नेपाळी नागरिकाला भारतात यायला व्हिसा लागत नाही. पण आपल्या परदेशी पाहुण्यांचे नियम त्यांनाही कुठपर्यंत लागू आहेत ते आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

तरुणसंघ

कमिटीपुढे आता असं ठेवतोय: चार जण, अठरा दिवस, दशैं टाळून नोव्हेंबरचा मधला भाग. एक वायरमन, एक पंपवाला, संडे स्कूलच्या दोन शिक्षिका. जाणारा आपला खर्च आपण करणार, न्यासाचा पैसा नाही. यजमानांना कोरा प्रश्न पाठवलाय की तुम्हाला काय हवंय, आमची यादी पाठवलेली नाही. बाकीच्यांचं फडावरचं काम त्याच महिन्यात सुरू. दोन शंका राहिल्यात. एका शिक्षिकेचं मतदार ओळखपत्र माहेरच्या नावाचं आहे, चालेल का? आणि वॉशर इथून घेऊन जावेत का?

सीमापार

ओळखपत्रावर जे नाव तेच रेल्वेच्या तिकिटावर आणि हॉटेलच्या वहीत लिहा, म्हणजे प्रश्न येत नाही. घोळ होतो तो तिकीट सासरच्या नावाने आणि कार्ड माहेरच्या नावाने असल्यावर. वेळ आहे तर पासपोर्टच काढा.

उद्यमनगर

नेऊ नका. मापात थोडा जरी फरक असला तर बसत नाही, आणि बसला तरी संपल्यावर ते आणणार कुठून? पहिल्या दिवशी जुना वॉशर खिशात घालून तिथल्या बाजारात जा, शिकणाऱ्या दोन्ही पोरांना बरोबर घेऊन. भाव त्यांनाच करू द्या.